फोटोतलं दार जुलैत बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या वास्तू पुरवणीत बागेत उघडणाऱ्या घडीच्या काचदारांवर अर्धं पान होतं. फोटोत भिंतभर दार पेटीच्या भात्यासारखं कडेला मिटलेलं, पलीकडे हिरवळ, वेताच्या दोन खुर्च्या, आणि संध्याकाळची वेळ असून एकही डास नाही. ‘घर आणि बाग एक करा’ असा मथळा. आमच्या ह्यांनी ते पान घडी घालून माझ्यापुढे ठेवलं आणि एक शब्द न बोलता चहा प्यायला लागले. ह्या विषयावर आमच्या घरात न बोलण्याचा करार झालेला आहे. म्हणून तुम्हाला लिहिते.

आम्ही नेरूळला रो-हाउसमध्ये राहतो. घर १९९६ साली घेतलं. रांगेतलं शेवटचं घर, त्यामुळे मागे पश्चिमेला आणि बाजूला उत्तरेला अशी काटकोनात थोडी मोकळी जागा मिळाली. पारिजातक, कढीपत्ता, एक कधीतरीच फळणारं लिंबू, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, तुळशीवृंदावन आणि कपड्यांची दोरी, एवढीच आमची बाग. मुलगी इंग्लंडमध्ये रेडिंगला असते. तिने तिकडच्या घराला मागे एक खोली काढली आणि तिला असंच भिंतभर घडीचं दार बसवलं. जूनमधल्या रात्री नऊ वाजताचा फोटो पाठवला. त्यात ऊन होतं! तिथून सगळी सुरुवात.

२०२१च्या अखेरीस आम्ही स्वयंपाकघर मागे वाढवलं. नवी खोली दहा बाय चौदा फुटांची. (सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असते, वर महापालिकेचं नगररचना खातं. बांधकामापेक्षा परवानगीला जास्त महिने लागले, पण त्याशिवाय एक वीटही रचू नका.) चौदा फुटांची बाजू पश्चिमेला येत होती. अ‍ॅल्युमिनियमवाला आला, टेप लावली, म्हणाला, “मॅडम, पावणेतीन फुटांचे पाच पट, पूर्ण भिंत मोकळी.” मी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते. पाच गुणिले पावणेतीन म्हणजे पावणेचौदा, उरलेले तीन इंच चौकटीला, हिशेब लगेच जुळला. हिशेब जुळला की मी खूश होते, ही माझी जुनी खोड.

भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझं माहेर रेवदंड्याचं. दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत पडवीच्या समुद्राकडच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधली जायची, कारण पाऊस तिकडून तिरका येतो हे घरातल्या पोरांनाही ठाऊक होतं. त्या पडवीत वाढलेल्या बाईने पश्चिमेची भिंत पाडून तिथे काच लावायला होकार दिला.

आधी उन्हाचं सांगते. इंग्लंडमध्ये हे दार दक्षिणेला घ्या असं सांगतात आणि तिथे ते अगदी बरोबर आहे. डिसेंबरात लंडनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर असतो. तेवढा तरी घरात यावा म्हणून ती काच. आपल्याकडे त्याच सुमारास तो साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर. शून्य सावली दिवस म्हणून मुलं अंगणात काठी उभी करतात, तो हाच. (जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे सावली कुणाला दिसतेय?) डोक्यावरच्या सूर्याला छज्जा पुरतो. मावळतीला झुकलेला सूर्य मात्र छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. मार्च ते मे, तीन ते सहा, त्या खोलीत लादी इतकी तापायची की सासूबाई वॉकर टेकत दारापर्यंत यायच्या आणि तिथूनच मागे फिरायच्या. शेवटी चौदा फुटांचा जाड पडदा शिवला आणि तो दुपारभर ओढलेला असायचा. म्हणजे भिंत पाडून काच लावली आणि काचेपुढे कापडाची भिंत उभी केली.

मग पाऊस. २०२२च्या जूनमधली पहिली मोठी झड आली तेव्हा मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. पाणी खालच्या पट्टीतून आत यायला लागलं, धार धरून नाही, ओल पसरावी तसं. पसरत पसरत डायनिंग टेबलाच्या पायांपर्यंत आलं. दाराखालच्या चॅनेलला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी त्यांतून बाहेर पडावं म्हणून ती ठेवलेली असतात. आमच्या गवंड्याने ती पांढऱ्या सिमेंटने सुबक बुजवली होती. त्याला ती कंपनीकडून राहिलेली चूक वाटली. हे कळायला आम्हाला तीन आठवडे आणि दोन सिलिकॉनच्या नळ्या लागल्या. भोकं मोकळी केल्यावर पाणी कमी झालं, थांबलं नाही. वारा नैऋत्येचा, काच पश्चिमेला, आणि पाच पट म्हणजे उभे चार सांधे. प्रत्येक सांध्याला रबराची पट्टी, आणि ती जिथे दुमडते तिथे पावसाला वाट.

इथे सासूबाईंचं सांगायलाच हवं. त्या शहाऐंशीच्या आहेत आणि पहिल्या दिवसापासून दाराच्या विरोधात होत्या, पण ऊन-पावसासाठी नाही. दाराला उंबरठा नव्हता. अ‍ॅल्युमिनियमवाल्याने खालचा चॅनेल लादीत बुडवून आत-बाहेर एकसपाट करून दिलं होतं, फोटोत दिसतं तसं. त्यांना वॉकरमुळे ते सोयीचं होईल म्हणून मीच आग्रह धरला होता. त्या म्हणाल्या, “उंबरठा नाही ते दार कसलं? ती खिंड झाली. लक्ष्मीची पावलं कुठून आत आणायची?” मी ते मनावर घेतलं नाही. वास्तविक २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, आमच्या मागच्या अंगणात घोट्याएवढं पाणी होतं आणि जुन्या मागल्या दाराच्या चार इंची उंबरठ्याने ते बाहेर थोपवलं होतं. तो उंबरठा आम्हीच फोडून टाकला होता.

एकसपाट दार करता येतं, नाही असं नाही. पण मग बाहेर दाराच्या लांबीएवढी नाली हवी, तिच्यावर जाळी, नाली पुढे कुठेतरी सोडलेली, आणि अंगणाची फरशी घरापासून लांब ढाळ दिलेली. आमच्या अंगणाचा ढाळ घराकडे होता. तो १९९६ पासूनच तसा होता, फक्त उंबरठ्यामुळे कधी कळला नाही.

पारिजातकाबद्दल मला फार बोलायचं नव्हतं, पण बोलते. पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत रोज पहाटे त्याचा सडा पडतो. दार बाहेरच्या बाजूला घडी होणारं, चॅनेल खाली, झाड त्याच्या डोक्यावर. ओली फुलं चॅनेलमध्ये जाऊन चिखल होतो आणि रोलर त्यावरून चिरडत जातो. गांडुळं आणि वाणीसुद्धा तिथेच आसऱ्याला. रोज सकाळी जुन्या टूथब्रशने चॅनेल घासणं हे माझं निवृत्तीनंतरचं पहिलं नियमित काम. वरून लटकणारी पद्धतही मिळते, तिच्यात सगळं वजन वरच्या पट्टीवर असतं आणि खाली नुसती दिशा धरणारी खाच. पण मग वर तुळई भक्कम लागते. काचेचं वजन साधं असतं : एका चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे, अडीच किलो. आमचा एक पट सात फूट उंच, काच सहा मिलिमीटर, म्हणजे नुसती काच सत्तावीस किलोंच्या आसपास. पाच पटांची मिळून एकशे चौतीस किलो, अ‍ॅल्युमिनियम वेगळंच. एवढा भार चौदा फुटांच्या तुळईच्या मध्यावर आला आणि ती थोडी जरी झोळली तरी पट अडकतात. म्हणून त्याने खालून रोलरची पद्धत दिली. ते त्याचं चुकलं नाही. झाडाकडे बघितलं नाही ते चुकलं.

पट बाहेर घडी होतात की आत, ह्यावर आमच्याकडे बराच खल झाला होता आणि बाहेर घ्यायचं ठरलं ते योग्यच ठरलं. वारा बाहेरून दाबतो तेव्हा पट चौकटीवर घट्ट बसतो, आणि ओला पट उघडला तर पाणी अंगणात निथळतं, गालिच्यावर नाही. फक्त मिटलेले पट पावणेतीन फूट बाहेर येऊन उभे राहतात, हे कुणी जमिनीवर आखून दाखवलं नव्हतं. चार पट उत्तरेच्या टोकाला मिटायचे आणि तिथेच वृंदावन. दार पूर्ण उघडलं की तुळशीला प्रदक्षिणा घालता यायची नाही. एका वेळी एकच : एक तर घर आणि बाग एक करा, नाही तर तुळशीला पाणी घाला.

पाचवा पट एकटा होता, दक्षिणेच्या टोकाला, नेहमीच्या दारासारखा चौकटीला बिजागऱ्यांवर. रोजच्या जाण्यायेण्यासाठी तो. तुमच्या लेखात ह्या एकट्या पटाचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते अख्ख्या दारात तोच महत्त्वाचा. पट विषम संख्येत घेतले तर असा एक मोकळा ठेवता येतो. आमच्या पुढच्या गल्लीत एकांकडे चार पट आहेत, चारही एकाच बाजूला मिटणारे. त्यांना कचऱ्याची बादली बाहेर ठेवायची तरी दोन पट सरकवावे लागतात. आमच्याकडे एकटा पट होता, पण चुकीच्या टोकाला. ओटा, कपड्यांची दोरी, तुळस, कढीपत्ता, सगळं उत्तरेला. फोडणी तडतडत असताना कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडायला मी टेबलाला वळसा घालून दक्षिणेच्या दारातून बाहेर, मग काचेच्या बाहेरून चौदा फूट परत. काचेतून मला माझीच कढई जळताना दिसायची.

भिंतभर दार पूर्ण कधी उघडलं, ते मी कालनिर्णयवर पेन्सिलने खूण करत गेले. सवय, दुसरं काय. पहिल्या वर्षी नऊ वेळा. त्यात एक कोजागरी, एक तुळशीचं लग्न, एक नातवाचं बारसं, आणि दोनदा अ‍ॅल्युमिनियमवाला दुरुस्तीला आला म्हणून. संध्याकाळी खाडीकडून डास येतात, रात्री चोरांची भीती, पावसाळ्यात झड, उन्हाळ्यात ताव. उरलेल्या वेळी ते बंद दार असतं, आणि बंद असताना घडीच्या दारातून बाग बघायची म्हणजे पाच पटांचे जाड उभे दांडे मधे येतात. दोन मोठ्या पटांचं सरकतं दार बंद असताना ह्याहून छान दिसतं. रेडिंगची मुलगी म्हणते तिच्याकडेही थंडीत तेच होतं. पण तिच्याकडे डास नाहीत.

२०२३चाही पावसाळा आम्ही फडकी पिळत काढला. मग बैल गेल्यावर झोपा केला, दार उत्तरेच्या भिंतीत हलवायचं ठरवलं. (झोपा म्हणजे गोठ्याचं दार. ही म्हण मला त्या वर्षी दारासकट समजली.) दुसऱ्या वेळी मी आधी टेप हातात घेतली नाही. उत्तरेच्या भिंतीपाशी आत-बाहेर रांगोळीने पटांचे वळसे काढले, दोरीवर जुनी नऊवारी टाकून दार किती रुंद वाटेल ते पाहिलं, आणि आठ दिवस घरातल्या सगळ्यांनी त्या रांगोळीतून वावरायचं असं फर्मान काढलं. तिसऱ्या दिवशी कळलं की मोकळा पट ओट्याच्या बाजूला हवा. पाचव्या दिवशी कळलं की फ्रिज हलवावा लागणार.

उत्तरेची भिंत दहा फुटांची. तिथे पाचपैकी तीन पट बसले : दोन मिटणारे, एक नेहमीच्या दारासारखा. वरची-खालची पट्टी कापता येते, काच मात्र नाही. टफन्ड काच भट्टीतून निघाली की तिला ना कापता येत ना भोक पाडता येत, प्रयत्न केला तर सगळी खडीसाखरेसारखी खाली येते. म्हणून उरलेले दोन पट तसेच पूर्ण उंचीचे आमच्या जिन्याखाली उभे आहेत. पश्चिमेची भिंत परत विटांची केली, तीन फुटांवर खिडकी आणि तिला खोल छज्जा. ह्या दुसऱ्या कामाला पहिल्याच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले, नेमका आकडा करारात बसत नाही.

उंबरठाही परत आला. आत पाऊण इंचाचा, काळ्या दगडाचा, दोन्ही कडा गोल केलेल्या, म्हणजे वॉकर अडत नाही आणि सासूबाईंना तो दिसतो. बाहेरची शहाबादी फरशी चार इंच खाली उतरवली, ढाळ कुंपणाकडे, आणि वॉकरसाठी एका बाजूला छोटा उतार. वर तीन फुटांचा छज्जा. उत्तरेला झड फार लागत नाही, पारिजातक कोपऱ्यापलीकडे राहिला, आणि दिवसभर उजेड असतो पण ऊन नाही. जूनमध्ये मावळताना सूर्य थोडा उत्तरेकडे सरकतो तेव्हा तासभर तिरपी तिरीप येते, तेवढीच. शेजारच्या काकूंचं म्हणणं, उत्तर ही कुबेराची दिशा, आता बघा कसा पैसा येतो. अजून तरी तो फक्त गेलेला आहे.

खिळ्या-बिजागऱ्यांबद्दल एकच. आम्ही खाडीपासून फार लांब नाही. पहिल्या वेळच्या स्टीलच्या बिजागऱ्यांवर दीड वर्षात तपकिरी चट्टे आले. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं होतं, चिकटत नाही म्हणजे अस्सल. पण ३०४ आणि ३१६ ह्या दोन्ही जातींच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक धरत नाही, आणि खाऱ्या हवेत टिकतं ते ३१६, कारण त्यात मोलिब्डेनम असतं. बिलावर ३१६ लिहून मागा, बोटाने दाखवून नाही. घडीची डासजाळीही सुरुवातीलाच चौकटीत धरा. नंतर लावायला गेलात तर जागा उरत नाही. आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बागेची नळी लावून पंधरा मिनिटं दारावर बाहेरून पाणी मारा, खालून वर आणि तिरकं. आमच्या अ‍ॅल्युमिनियमवाल्याला दुसऱ्या वेळी हे सांगितलं तर तो हसला. मी चेकवर सही न करता नळी सोडली. मग तोही आत पालथा पडून चॅनेलकडे बघत बसला.

बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आम्ही अधूनमधून फिरायला जातो. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात आखलेली वस्ती. सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती, आणि भिंती शेजाऱ्याशी जोडलेल्या नाहीत, पुढेमागे ज्याला त्याला घर वाढवता यावं म्हणून. आता बरीच घरं पाडून नव्याने उभी राहिली आहेत, पण जुनी काही उरली आहेत. त्यांत उघड्या आकाशाखालची जागा हीच एक खोली धरली आहे. तिथे जायला साधं एकपटी लाकडी दार आहे आणि बायका त्या दारात बसून पालेभाजी निवडताना दिसतात. आमचे हे तिथे गेले की मुद्दाम थांबतात आणि माझ्याकडे बघतात. करारात बघण्याला बंदी नाही.

ज्यांना दार बसवायचंच आहे त्यांनी जरूर बसवावं. यंदा तुळशीच्या लग्नाला आमचे तिन्ही पट उघडे होते, आत पंचवीस माणसं, बाहेर वृंदावनाभोवती ऊस बांधलेले, अंतरपाट दारातच धरला, आणि सासूबाई उंबरठ्याच्या आत खुर्चीवर बसून अक्षता टाकत होत्या. त्या दिवशी मी दाराला नावं ठेवली नाहीत.

तुम्हाला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा फोटो जुलैतला मिळाला तर पाहा, आणि सोबत दार कुठल्या दिशेला आहे तेही छापा. जिन्याखालचे दोन पट कुणाला हवे असतील तर विचारणा तुमच्याकडे आल्यास कृपया मला कळवावी. सात फूट बाय पावणेतीन. कापून मिळणार नाहीत.

आपली,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

(कृपया नाव छापू नये. अ‍ॅल्युमिनियमवाला आमच्याच गल्लीत राहतो आणि माणूस चांगला आहे.)